बुटका ससा पाळायचा तर कामांचा क्रम असा लावा

बहुतेक घरांत क्रम उलटा असतो. सुट्टीच्या दिवशी ससा घरी येतो, त्याच्यासोबत दुकानदाराने गळ्यात मारलेला तारेचा पिंजरा आणि रंगीबेरंगी खाद्याची पिशवी येते. गवत कुठे मिळतं, सशाला तपासणारा डॉक्टर कोण, हे शोधायची वेळ येते ती ससा खायचा थांबल्यावर. तोवर उशीर झालेला असतो.

इथली सगळी मापं नेदरलँड ड्वार्फ जातीसाठी, म्हणजे पूर्ण वाढल्यावर साधारण एक किलोच्या सशासाठी आहेत. जीव एवढासा असल्यामुळे चूक सोसायला अंगात फारसं काही नसतं. त्यात तोंड आखूड, म्हणून दातांच्या तक्रारी मोठ्या सशांपेक्षा जास्त. नीट ठेवला तर आठ-दहा वर्षं जगतो, तेव्हा दहावीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणत असाल तर तो मुलगा शिकायला बाहेरगावी गेल्यावर ससा कोण बघणार, ते आजच ठरवा.

टप्पा १: ससा येण्याआधीची तयारी

१. गवत मिळवा. सशाच्या रोजच्या खाण्यात ८० टक्क्यांहून जास्त वाटा गवताचा हवा. गाजराचा नव्हे, पेलेटचाही (दाबून केलेल्या कोरड्या खाद्याच्या गोळ्यांचाही) नव्हे. सशांसाठी वाळवून विकलं जाणारं टिमथी गवत परदेशातून येतं आणि महाग पडतं. छोटी पाकिटं घेण्यापेक्षा मोठी पिशवी किलोमागे स्वस्त पडते. वाळवलेलं ओट गवत चालतं. आपल्याकडची हरळी किंवा मारवेलही चालतं, फक्त ते फवारणी न झालेल्या जागेचं हवं. रस्त्याकडेचं, सोसायटीच्या लॉनमधलं, कुत्री फिरतात तिथलं घेऊ नका. चांगलं गवत हिरवट दिसतं, त्याला सुवास असतो, आणि झटकल्यावर धूळ उडत नाही. काळपट, कुबट वास येणारं गवत फुकट मिळालं तरी परत करा.

गोठेवाले आपुलकीने लसूणघास (अल्फाल्फा) देतात. तो सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ठीक आहे. मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त होतात आणि लघवीत खर साचते. हिरवी कोवळी ज्वारी मात्र कोणत्याही वयात नको. तिच्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं आणि गुरंही त्याने दगावतात.

२. डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजरांचा उत्तम डॉक्टर सशांचा जाणकार असेलच असं नाही. फोन करून तीन प्रश्न विचारा: ससे नियमित तपासता का? रात्री अडचण आली तर कुठे जायचं? ऑपरेशनआधी सशाला किती तास उपाशी ठेवायचं? तिसऱ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर ‘अजिबात नाही’ असं आहे. सशाला उलटी होऊच शकत नाही, त्यामुळे कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं कारणच नाही. उलट पोट रिकामं राहिलं की आतडं थंडावतं. ‘बारा तास’ म्हणणारा डॉक्टर सोडून द्या. जवळ कोणी सापडत नसेल तर परळ, शिरवळ आणि नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडे चौकशी करा.

३. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि ससा मावेल अशी प्लास्टिकची टोपली घ्या. याचा उपयोग पुढे दर आठवड्याला आहे.

४. खोलीचं तापमान दाखवणारा साधा तापमापक लावा.

तपासा: घरात किमान पंधरा दिवसांचं गवत आहे? डॉक्टरचा नंबर फोनमध्ये आहे? ससा ठेवणार त्या कोपऱ्यात दुपारी दोन वाजता किती अंश असतात, ते पाहिलं? तिन्हींना ‘हो’ असेल तरच पुढे जा.

टप्पा २: जागा लावणे

दुकानातला तारेच्या तळाचा पिंजरा घेऊ नका. सशाच्या तळपायाला कुत्र्यासारख्या गाद्या नसतात, फक्त केस असतात. तारेवर उभं राहून ते झिजतात आणि खाली जखमा होतात. त्या महिनोन्महिने भरत नाहीत.

कुत्र्यांच्या पिल्लांसाठी मिळणारं घडीचं कुंपण सगळ्यात सोयीचं. आत किमान चार बाय चार फूट जागा आणि उंची अडीच-तीन फूट. एवढासा जीव, पण उडी चांगली मारतो. हे त्याचं घर झालं. त्याशिवाय रोज तीन-चार तास मोकळं फिरायला हवंच.

आतली मांडणी:

- फरशीवर सतरंजी किंवा रबरी पाठीची चटई. गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात. ससा सतरंजीचे धागे गिळू लागला तर ती काढा.
- शौचासाठी कडा असलेला पसरट टब. तळाला वर्तमानपत्र, त्यावर लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या किंवा कागदी गोळ्या, आणि टबाच्या एका टोकाला गवताचा ढीग. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, म्हणून गवत आणि टब एकत्र ठेवले की सवय आपोआप लागते. मांजरांची गुठळी होणारी वाळू वापरू नका, पोटात गेली तर तिथेच बसते.
- पाण्यासाठी जड मातीचं किंवा चिनी मातीचं पसरट भांडं. उलट्या बाटलीतून थेंब थेंब पाणी ओढताना ससा कमी पितो.
- दोन दारं कापलेलं पुठ्ठ्याचं खोकं. एकच दार असलं की आत कोंडल्यासारखं होतं आणि ससा हल्ला करतो.

टब धुवायला पांढरं व्हिनेगर वापरा, लघवीचा पांढरा थर त्याने निघतो. फिनाईल आणि डांबरगोळ्या त्या खोलीत नकोत.

सावध: गॅलरी ही सशाची जागा नव्हे. ऊन, मांजर, कावळे, घार, आणि पावसाळ्यात तिरकी सर. पश्चिमेच्या भिंतीची खोलीही टाळा. फिरायच्या खोलीतल्या चार्जरच्या, फ्रिजच्या, टीव्हीच्या वायरी उचला किंवा पाइपात घाला. कण्हेर, रुई, घाणेरी, एरंड, मनी प्लांट, डिफेनबेकिया या कुंड्या त्याच्या तोंडाला येणार नाहीत अशा ठेवा.

टप्पा ३: ससा निवडणे

बाजारात ‘ड्वार्फ’ म्हणून विकलं जाणारं पांढरं, लाल डोळ्यांचं पिल्लू पुष्कळदा न्यूझीलंड व्हाइट असतं. ते चार-पाच किलोचं होतं. खऱ्या नेदरलँड ड्वार्फचं डोकं गोल, मान जवळपास नसल्यासारखी, आणि पूर्ण वाढीतही कान दोन इंचांच्या आसपास. पण पिल्लं सगळीच गोंडस आणि आखूड कानांची दिसतात, म्हणून जमेल तिथे आई-बाप पाहा. मोठा झाला म्हणून ससा टाकून देणारे लोक याच ठिकाणी फसलेले असतात.

वय आठ आठवड्यांच्या वर हवं. दुकानात चार-पाच आठवड्यांची पिल्लं ‘अजून लहान, माणसाळतील’ म्हणून खपवतात. आईचं दूध वेळेआधी तुटलेलं पिल्लू पहिल्याच आठवड्यात जुलाबाने जाऊ शकतं.

हातात घेऊन हे पाहा: वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे येतात का? नाक कोरडं आहे? पुढच्या पंजांची आतली बाजू चिकट असेल तर ससा नाक पुसत आला आहे, म्हणजे सर्दी आहे. कानाच्या कडेला किंवा नाकावर पांढरट खपल्या म्हणजे खरूज. शेपटीखाली घाण चिकटलेली असेल तर घेऊ नका.

दुकानदाराच्या ‘दोन्ही माद्या आहेत’ या बोलण्यावर विसंबू नका. इतक्या लहान वयात ओळख चुकते. डॉक्टरकडून खात्री होईपर्यंत दोघांना वेगळं ठेवा.

(शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू हा वेगळाच विषय. ते अनाथ नसतं. आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर थोडा वेळ येऊन पाजते. रानससा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याला घरी आणता येत नाही. आहे तिथेच राहू द्या.)

टप्पा ४: पहिला आठवडा

१. दुकानात जे खाद्य चालू होतं तेच थोडं घेऊन या. नवं खाद्य त्यात थोडं थोडं वाढवत सात ते दहा दिवसांत बदल पूर्ण करा. गवत मात्र पहिल्या तासापासून, हवं तेवढं.

२. पहिले दोन दिवस उचलू नका. पाहुणे, शेजारची मुलं, फोटो हे सगळं पुढच्या आठवड्यात.

३. तिसऱ्या दिवसापासून कुंपणाशेजारी जमिनीवर बसा, काही न करता. तो येऊन हुंगेल. वरून हात नेलात तर त्याला घारीची झडप वाटते, म्हणून हात बाजूने आणि खालून न्या.

४. रोज सकाळी लेंड्या बघा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. निरोगी लेंडी गोल, कोरडी, एकसारख्या आकाराची असते आणि चुरगळली तर आत गवताचा भुसा दिसतो.

याशिवाय ससा दुसऱ्या प्रकारची, मऊ, चकचकीत, घोसात चिकटलेली विष्ठा टाकतो आणि ती थेट तोंडाने उचलून खातो. बरीच मंडळी हे पाहून घाबरतात किंवा ओरडतात. ते त्याचं पोषण आहे, खाऊ द्या. हे घोस न खाता जमिनीवर पडलेले दिसू लागले तर पेलेट किंवा गोड खाणं जास्त होतंय.

लघवी पिवळी, केशरी, कधी विटकरीसुद्धा दिसते. भाज्यांतल्या रंगद्रव्यांमुळे तसं होतं. पण लघवी करताना जोर लावत असेल किंवा स्वच्छ लघवीत लाल गुठळी दिसली, तर डॉक्टर.

टप्पा ५: रोजचं खाणं

चुका सगळ्यात जास्त इथे होतात. सशाचं आतडं जात्यासारखं आहे, वरून दाणा पडत राहिला तरच ते फिरतं. गवताचे लांब तंतू आतडं हलतं ठेवतात आणि चावताना दात झिजवतात. दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत कमी पडलं की पोट आणि दात दोन्ही एकाच वेळी बिघडतात.

एक किलोच्या मोठ्या सशासाठी दिवसाचं माप असं:

- गवत: त्याच्या अंगाएवढा ढीग, आणि तो कधी संपू द्यायचा नाही. सकाळी-रात्री जुनं काढून नवं टाका. शिळ्या गवताकडे ससा ढुंकूनही बघत नाही आणि मालकाला वाटतं त्याला गवत आवडत नाही.
- पालेभाजी: एक कपभर. कोथिंबीर, पुदिना, शेपू, तुळस, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं. दोन-तीन प्रकार आलटून पालटून. पालक आणि कोबी क्वचित, थोडा. बाजारची भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून, मग साध्या पाण्याने दोनदा धुवून, पाणी निथळवून द्या.
- पेलेट: २० ते २५ ग्रॅम, काट्यावर मोजून. एकाच रंगाचे, तंतूचं प्रमाण १८ टक्क्यांहून जास्त असलेले. मका, सूर्यफुलाच्या बिया, रंगीत चकत्या असलेलं मिश्रण घेतलं तर तो गोड तेवढं वेचतो आणि बाकी टाकतो.
- गोड: बोटाच्या पेराएवढं गाजर, सफरचंद (बिया काढून) किंवा केळ्याची पातळ चकती. आठवड्यातून दोन-तीनदा.

तीन महिन्यांखालच्या पिल्लाला पालेभाजीची घाई नको. नंतर एका वेळी एकच भाजी, दोन पानं, आणि दोन दिवस लेंड्या पाहून मग दुसरी.

सावध: पोळी, भात, बिस्किट, पाव, चणे, शेंगदाणे, दूध, चॉकलेट नाही. कांदा, लसूण, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला नाही. ‘आमचा ससा तर रोज चपाती खातो’ असं सांगणारे भेटतीलच. तो ससा किती वर्षं जगला, ते विचारा.

तपासा: दर रविवारी टोपलीत ठेवून वजन, आणि ते वहीत. एक किलोच्या जिवात शंभर ग्रॅमची घट म्हणजे दहावा हिस्सा गेला. डोळ्याला ते दिसत नाही, काट्याला दिसतं.

टप्पा ६: उचलणं, नखं, दात, केस

कान धरून उचलायचं नाही, हे एव्हाना सगळ्यांना माहीत असावं, तरी बाजारात रोज दिसतं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि लगेच तुमच्या अंगाशी टेकवा. मागचे पाय लोंबकळत राहिले तर तो इतक्या जोराने लाथ झाडतो की स्वतःच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. लहान मुलांनी उभ्याने उचलू नये, जमिनीवर बसून कुरवाळावं. पाठीवर उताणा पाडल्यावर ससा निपचित पडतो, ते झोपणं नसून भीती आहे. त्याचे व्हिडिओ काढू नका.

नखं महिना-दीड महिन्याने कापा. टॉर्च मागून धरली की आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे कापायचं. रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

पुढचे दात ओठ बाजूला करून आठवड्याला बघा. दाढा तुम्हाला दिसणार नाहीत, पण खूण दिसते: हनुवटी ओली, गवत तोंडात घेऊन खाली टाकणं, मऊ तेवढंच खाणं. वाढलेला दात नेलकटरने कधी कापू नका. तो उभा चिरतो आणि मुळापर्यंत पू होतो.

आंघोळ नाही. केस गळतीच्या काळात रोज मऊ ब्रश. खाजेसाठी कुत्र्यांचं पिसवांचं औषध टाकायचा मोह होतो. त्यात फिप्रोनिल असेल तर ते सशाला मारू शकतं. मेडिकलमधून आणलेलं ॲमॉक्सिसिलिन किंवा ॲम्पिसिलिन तोंडाने दिलं तर आतड्यातले उपयोगी जीवाणू मरून ससा दोन-चार दिवसांत जातो. डॉक्टरने सशासाठी लिहून दिल्याशिवाय काहीही नाही.

टप्पा ७: ऋतूंप्रमाणे बदल

उन्हाळा. सशाला १५ ते २१ अंश मानवतात. २८ च्या पुढे त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, उष्णता टाकायची वाट म्हणजे मुख्यतः कान. विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते जून एसी किंवा कूलरच्या खोलीशिवाय हा ससा पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसता पंखा पुरत नाही. कोकणात आणि मुंबईत दमटपणामुळे कूलरचा उपयोग होत नाही, तिथे एसीच. जोडीला फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि पसरायला एक उघडी शहाबादी फरशी.

ससा तोंड उघडून धापा टाकत असेल, कान तापलेले असतील, मान टाकत असेल तर: थंड खोलीत न्या, कानांना साध्या थंड पाण्याचा हात लावा, पंखा चालू करा, आणि डॉक्टरकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्याने तो जाऊ शकतो.

पावसाळा. गवत दमट होऊन बुरशी धरतं. कापडी पिशवीत, जमिनीपासून वर ठेवा, ऊन पडेल त्या दिवशी वाळवा. माश्यांकडे लक्ष हवं. शेपटीखाली ओलं राहिलं तर माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या पडतात. या चार महिन्यांत शेपटीखालची जागा रोज दोनदा तपासा.

दिवाळी, मिरवणुका. खिडक्या बंद, आतली खोली, खोक्यात भरपूर गवत. नुसत्या धास्तीनेही ससा खाणं सोडतो.

टप्पा ८: नसबंदी आणि जोडी

नराची चार महिन्यांनंतर, मादीची सहा महिन्यांच्या आसपास. डॉक्टर वजन बघून ठरवेल. मादीचं हे ऑपरेशन नुसतं पिल्लं टाळायला नाही. न केलेल्या माद्यांना वय वाढल्यावर गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण फार आहे. गर्भारपण महिनाभराचं असतं आणि व्यायल्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते. नराच्या ऑपरेशननंतरही काही आठवडे तो पिल्लं देऊ शकतो, तोवर वेगळे ठेवा.

एकटा ससा कंटाळतो हे खरं, पण दोघांना थेट एकत्र सोडू नका. आधी दोन कुंपणं शेजारी, मग दोघांनाही नवख्या जागेत थोडा थोडा वेळ. फाडाफाड झाली तर हात घालू नका, मध्ये उशी सारा.

टप्पा ९: खाणं किंवा लेंड्या थांबल्यावर

ससा दुखणं लपवतो. बाहेरून दिसणारी पहिली खूण बहुधा हीच. आठ-दहा तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

१. आवडीची कोथिंबीर नाकासमोर धरा. तीही नाकारली तर ते रुसणं नाही.

२. पोटाला हलका हात लावा. मऊ आहे की फुग्यासारखं ताठ? ताठ असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच निघा.

३. कान चाचपा. थंडगार असतील तर अंगाची ऊब उतरली आहे. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा.

४. डॉक्टरला फोन. आजारी सशांना सिरिंजने भरवायची पावडर मिळते, ती डॉक्टरच्या सल्ल्याने घरात एक पाकीट असू द्या. पण पोट ताठ नाही हे ठरल्याशिवाय भरवायची नाही. इनो, ओवाअर्क, माणसांची पोटदुखीची गोळी यांतलं काही नको.

५. नेताना खोक्यात गवत ठेवा, वाटेत खाल्लंच तर चांगलं. जोडीदार ससा असेल तर तोही सोबत न्या. लेंड्या पडल्या असतील तर कागदाच्या पुडीत घ्या.

डॉक्टर विचारेल: शेवटचं कधी खाल्लं, शेवटची लेंडी कधी आणि केवढी, वजन किती होतं, नवीन काय खाल्लं. वजनाची वही घेऊन जा. मोबाइलवर लेंड्यांचा फोटो काढून ठेवला असेल तर तोही दाखवा.